घरातलं कोणी इथं होतं का?

‘वारस’ हा शब्द आमच्या उचगावात तलाठी कार्यालयात जितका कानावर पडतो तितका दुसरीकडं कुठं पडत नाही. हायवेला लागून असलेलं गाव. जमिनीला भाव आला, तसे सातबाऱ्यावर वारसाची नावं लावायला येणारेही वाढले. शब्द मूळचा अरबी. आमच्या घरी ‘वारिस’ म्हणतात. मराठीनं त्यातली वेलांटी काढून टाकली आणि पुढं त्यातूनच ‘वारसा’ घडवला. वारस जमिनीला असतो. वारसा गाण्याला, कुस्तीला, विचाराला. मला आज बोलायचं आहे ते या दोहोंच्या मधल्या एका गोष्टीबद्दल. एखाद्या संस्थेत, वसतिगृहात, मंडळात प्रवेश मिळताना ‘आमच्या घरातलं माणूस पूर्वी इथंच होतं’ या वाक्याला किती वजन असतं, आणि ते वजन नेमकं कुठून पडतं?

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो टेक्सासमधून. माझा एक वर्गमित्र शिरोलीच्या एमआयडीसीत वर्कशॉप चालवतो. त्याचा भाऊ पंचवीस वर्षांपूर्वी तिकडं गेला. भावाची मुलगी तिथंच जन्मली, तिथंच वाढली. कॉलेजात जाताना तिनं इकडं आजीला फोन केला आणि विचारलं, “आजी, आपल्यात कुणी लेगसी आहे का?” आजीला काही उमगेना. मग नातीनं समजावलं. मुलींच्या एका मंडळात जायचं आहे, आणि अर्जात एक रकाना आहे : आई, आजी किंवा बहीण पूर्वी कुठल्या मंडळाची सभासद होती का? आजी म्हणाली, “आगं, मी कुठल्या मंडळात जाणार? दावणीला दोन म्हशी होत्या, तेच माझं मंडळ.” मित्रानं हा किस्सा हसत हसत सांगितला. मी मात्र त्या रकान्यापाशीच अडकलो.

अमेरिकेतल्या या मंडळांना सोरोरिटी म्हणतात. लॅटिनमध्ये ‘सोरोर’ म्हणजे बहीण. भगिनीमंडळ म्हणायला हरकत नाही, पण आपल्याकडचं भगिनीमंडळ महिन्यातून एकदा जमतं आणि पांगतं. तिकडं बऱ्याच ठिकाणी त्यांची स्वतःची घरं असतात. मुली तिथं राहतात, जेवतात, अभ्यास करतात आणि पुढं जन्मभर एकमेकींना नोकरीधंद्यात हात देतात. नावं ग्रीक अक्षरांची. सुरुवात झाली ती मात्र थाटामाटात नव्हे. मुलांची अशी मंडळं आधीपासून होती, त्यांत मुलींना सभासद म्हणून घेत नसत. इंडियाना राज्यातल्या एका कॉलेजात मुलींना नुकताच प्रवेश मिळू लागला होता, तिथं १८७० साली चौघीजणींनी ‘कप्पा अल्फा थीटा’ हे आपलं मंडळ काढलं. गोऱ्या मुलींच्या मंडळांत काळ्या मुलींना जागा नव्हती, तेव्हा १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात काळ्या मुलींनी ‘अल्फा कप्पा अल्फा’ काढलं. कमला हॅरिस याच मंडळाच्या. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांनी बांधलेली ही घरं. पहिल्या सभासदांपैकी एकीलाही सांगण्यासारखा वारसा नव्हता.

मग पुढची पिढी आली. निवडीच्या सोहळ्याला पूर्वी ‘रश’ म्हणत, आता ‘रिक्रूटमेंट’ म्हणतात. आपल्याकडच्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाची आठवण व्हावी असाच तो प्रकार, फरक इतकाच की तिथं मुलगीही घरं बघत फिरत असते. पहिल्या फेरीत बहुतेक सगळ्या घरांना भेट. मग प्रत्येक फेरीला घरं कमी होत जातात. घर मुलींची क्रमवार यादी करतं, मुलगी घरांची करते, दोन्ही याद्या जुळवल्या जातात आणि शेवटच्या दिवशी हातात आमंत्रण पडतं. प्रत्येक घरानं किती जणी घ्यायच्या याचा आकडा ठरलेला असतो. जुन्या सभासदाची मुलगी, नात किंवा बहीण आली तर ती ‘लेगसी’. अनेक मंडळांचा रिवाज असा होता की, लेगसीला निदान पुढच्या फेरीचं बोलावणं द्यायचंच, आणि ती शेवटच्या फेरीपर्यंत टिकली तर यादीत तिचं नाव अगदी वर ठेवायचं.

यात कुणाचं कपट होतं असं मी म्हणणार नाही. आईनं जिथं आयुष्यातली चांगली वर्षं काढली तिथं लेकीनं जावं असं तिला वाटणारच. घराचं छप्पर दुरुस्त करायला पैसे तिनंच दिलेले असतात. पण हिशेब बघा. समजा, एका घरात दरवर्षी ५० जणी घेतात. पंचवीस वर्षांनी त्यांतल्या निम्म्या जणींच्या मुली त्याच कॉलेजात आल्या, त्यात बहिणी आणि नाती मिळवल्या, की ५० जागा घरच्याच माणसांनी भरतात. दारावर कुणी मज्जावाची पाटी लावलेली नसते. आत जागाच उरत नाही. आणि लेगसी फार झाल्या की त्यांनाही नकार मिळू लागतो. मग आया रागावतात, देणग्या थांबतात.

जुन्या सभासदांचा हात कुठवर पोहोचतो हे २०१३ साली अलाबामा विद्यापीठात दिसलं. ‘क्रिमसन व्हाइट’ या तिथल्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रानं बातमी छापली की, उत्तम गुणांच्या काळ्या मुलींना आतल्या मुली घ्यायला तयार होत्या, पण माजी सभासद बायकांनी अडवलं. मोठा गदारोळ झाला आणि त्याच वर्षी ही दारं उघडावी लागली. पुढं २०२० साली अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध रान पेटलं, तेव्हा एकामागून एक अनेक राष्ट्रीय सोरोरिटींनी लेगसीला झुकतं माप द्यायचा नियमच काढून टाकला. जुन्या सभासदांच्या शिफारसपत्राची अटही बऱ्याच जणींनी सोडली. हा वारा कॉलेजच्या प्रवेशापर्यंत गेला. २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेश देताना वंशाचा विचार करायला मनाई केली. तेव्हा लोकांनी रास्त प्रश्न विचारला, मग बापजाद्यांचा विचार अजून कसा चालतो? कॅलिफोर्नियानं २०२४ साली कायदा करून खाजगी विद्यापीठांतही तो बंद केला. आपण हसायचं कारण नाही. दिल्लीत बालवाडीच्या प्रवेशाला ‘आई किंवा वडील याच शाळेचे’ म्हणून वेगळे गुण देणाऱ्या शाळा आहेत. तीन वर्षांच्या पोराला बापाच्या शाळेचे मार्क!

रकाना गेला, म्हणजे वजन गेलं का? इथं मला स्वतः पाहिलेलं सांगायला हवं.

आमच्या जिल्ह्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या प्रवेश समितीवर मला काही वर्षांपूर्वी घेतलं. कवी म्हणून नव्हे. दोन ओळींत नीट इतिवृत्त लिहितो म्हणून. अध्यक्ष होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बाईच म्हणतात. वसतिगृह जुनं, शिस्तीचं. छापील अर्जात पूर्वी ‘नात्यातील माजी विद्यार्थिनी’ असा रकाना होता. बाईंनी तो दोन वर्षांपूर्वीच काढून टाकला होता. “घरातलं कोणी इथं होतं का, हे विचारायचंच नाही,” असं त्यांनी आम्हालाही बजावलं. त्या वर्षी सात खाटा रिकाम्या होत्या आणि अर्ज त्याच्या तिपटीहून जास्त.

एक मुलगी आत आली. नमस्कार करून बसली आणि समोरच्या भिंतीवरच्या फोटोंकडं बघून हसली. आम्ही काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही; पण त्यांतल्या एका फोटोत तिची आई आणि मावशी होती हे दोन मिनिटांत सगळ्यांना कळलं. मार्क चांगले होते. बोलणं मोकळं. शेवटी बाईंनी रिवाजाप्रमाणं विचारलं, “तुला काही विचारायचंय?” ती म्हणाली, “अभ्यासिका परीक्षेच्या दिवसांत रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते?” समिती खूश. अभ्यासू पोर! तिच्या अभ्यासू असण्याबद्दल मला आजही शंका नाही. पण हा प्रश्न विचारला की समिती खूश होते, हे तिला घरी जेवताना कळलेलं होतं.

तिच्यामागून आली ती शाहूवाडी तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरची. घरात बारावी झालेली पहिलीच. मार्क पहिलीपेक्षा दोनच कमी. खुर्चीच्या कडेला टेकून बसली. प्रत्येक प्रश्नाला एका शब्दात उत्तर. वाचायला आवडतं? हो. काय वाचलंस? पुस्तकं. पुढं काय व्हायचंय? शिकायचंय. “तुला काही विचारायचंय?” नाही. बाई दोनदा म्हणाल्या, “घाबरू नकोस, विचार.” तिनं मान हलवली.

मुलाखती संपल्यावर पहारेकरी मामा चहा घेऊन आले आणि सहज म्हणाले, ती मघाची पोरगी गेटवर विचारत होती, खानावळीचे पैसे रोख द्यावे लागतात का, का घरचं तांदूळ-नाचणं आणून दिलं तर चालतं. मामांना ठाऊक नव्हतं. आता गंमत अशी की, आमच्या वसतिगृहात धान्य दिलेलं चालतं. वर्षानुवर्षं चालतं. नियमांच्या वहीत तसं लिहिलेलं आहे. पण ती वही कपाटात असते, आणि ज्यांच्या आया इथं राहून गेल्या त्यांनाच ते माहीत असतं. त्या पोरीच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो समितीपुढं विचारण्याजोगा आहे हे तिला सांगणारं कुणी नव्हतं.

यादीत ती आठवी आली. ऑगस्टमध्ये एक खाट रिकामी झाली तेव्हा बाईंनी निरोप धाडला, पण तोवर तिनं मलकापूरच्या कॉलेजात नाव घातलं होतं.

मला जे म्हणायचंय ते इथं आहे. वारशाचं वजन रकान्यात थोडं असतं आणि माहितीत फार. कुठल्या दिवशी जायचं, काय नेसायचं, कुणाशी कसं बोलायचं, कुठला प्रश्न विचारायचा, कुठली सवलत मागता येते. सोरोरिटीतही हेच. नियम काढला तरी लेगसी मुलीला कुठल्या फेरीला कसला पोशाख चालतो हे आईकडून कळतं आणि माझ्या मित्राच्या पुतणीला ते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकावं लागतं. रकाना काढणं चांगलंच, पण त्यानं फक्त दार उघडं होतं.

आणि उघडं दार पुरत नाही, हे आमच्या कोल्हापूरनं सव्वाशे वर्षांपूर्वी अनुभवलेलं आहे. शाहू महाराजांनी १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं ते सर्वांना खुलं होतं. जातीची अट नव्हती. काही वर्षांत तिथं जवळजवळ सगळे ब्राह्मण विद्यार्थीच दिसू लागले. मला त्यातलं कारण असं दिसतं की, ज्या घरांत शिक्षण पिढ्यानपिढ्या होतं त्यांना वसतिगृह म्हणजे काय, अर्ज कुणाकडं करायचा, हे माहीत होतं. कुणब्याच्या पोराला आपल्यासाठीही ती खोली आहे हे उमजायच्या आत खोल्या भरल्या. महाराजांनी मग वेगळा मार्ग धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, जैन बोर्डिंग निघालं. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, त्या संस्थेचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडं घेतलं. एक हिंदू राजा मुसलमान मुलांच्या शिक्षण संस्थेचा अध्यक्ष, यावर वेगळं भाषण करता येईल. १९०७ साली लिंगायत समाजाचं, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. हॉवर्डच्या मुलींनी आपलं मंडळ काढलं तेच हे वर्ष. एकमेकांचं नावही ठाऊक नसलेली माणसं दोन खंडांत एकाच कामाला लागली होती. आज दसरा चौकात उभं राहून नुसती मान फिरवली तरी यांतल्या काही इमारती दिसतात.

ज्याला शहरात मामा नाही, काका नाही, त्याला महाराजांनी अख्खं घर दिलं. वरच्या वर्गातला पोरगा खालच्याला सांगू लागला, परीक्षेची फी कुठं भरायची, कुठला मास्तर कडक. ज्यांच्याकडं वारसा नव्हता त्यांच्यासाठी तो दहा-वीस वर्षांत तयार केला गेला. मुलींच्या वाट्याला हे फार उशिरा आलं. तरी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. १९१८ साली सून इंदुमतीदेवी ऐन कोवळ्या वयात विधवा झाल्या, तेव्हा घरच्यांचा विरोध असताना महाराजांनी सोनतळीला त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि त्या एकट्या पडू नयेत म्हणून सोबतीला आणखी काही मुली ठेवल्या. शिकायचं तर सोबत लागते, हे त्यांनी तिथंही ओळखलं.

अर्थात, जे घर आधार म्हणून बांधलं त्याच्याही भिंती कालांतरानं जाड होतात. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला म्हणून जैन बोर्डिंगमधल्या एका विद्यार्थ्याला, परत आत यायचं तर आधी आंघोळ कर, असं सांगण्यात आलं. त्यानं नकार दिला आणि वसतिगृह सोडलं. तो विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीला बसवणारं वसतिगृह सुरू केलं. तिथं कुणाचा बाप कोण, याला किंमत नव्हती. पोरं स्वतः राबत, स्वतः रांधत.

थोडं विषयांतर करतो. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला हा वारशाचा रकाना जन्मभर पुरतो. कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलं की कुणीतरी प्रेमानं म्हणतं, “तुमचं मराठी किती शुद्ध हो!” माणूस भला असतो, हेतूही चांगला असतो, पण आपण पाहुणे म्हणून जेवलो असं वाटतं. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, शाहीर अमर शेखांनी अख्खा महाराष्ट्र गाजवला. हा माझाच वारसा. पण तो मला घरात मिळाला नाही, कुणी सांगितलाही नाही. बी. ए.ला असताना ग्रंथालयात एका भल्या माणसानं पुस्तक काढून हातात ठेवलं, तेव्हा कळलं. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यामागंही मला हेच दिसतं. आपल्या आधी कोण होतं, ते एकमेकांना सांगायला जागा हवी होती.

मित्राच्या पुतणीचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तिकडं १९९८ साली ह्यूस्टन आणि ऑस्टिनच्या विद्यापीठांत भारतीय उपखंडातल्या मुलींनी स्वतःच्या सोरोरिटी काढल्या. तशाच एकीत ती गेली. तिथं तिला आजीचं कुणी विचारलं नाही, कारण बाकीच्यांच्या आज्याही म्हशींच्याच मंडळातल्या. मात्र १९९८च्या त्या संस्थापक मुली आता पंचेचाळिशीच्या पुढं आल्या आहेत आणि त्यांच्या लेकी कॉलेजच्या वयाच्या होत आहेत. रकाना ठेवायचा की नाही, हा प्रश्न आता त्यांच्या दारात येईल.

आमच्या वसतिगृहात बाईंनी दुसऱ्या वर्षी दोन गोष्टी केल्या. मुलाखतीच्या आदल्या दिवशी, जिच्या घरातलं कोणी इथं राहिलेलं नाही अशा प्रत्येक मुलीला वरच्या वर्गातली एक मुलगी फोन करते आणि लवकर बोलावून घेऊन खोल्या, अभ्यासिका, स्वयंपाकघर दाखवते. म्हणजे रकाना परत आला म्हणा, पण उलट्या बाजूनं. समितीतल्या एका सदस्यानं तक्रारही केली की, हा जुन्यांच्या मुलींवर अन्याय आहे. बाई म्हणाल्या, “त्यांच्या आया अठरा वर्षं फोन करतायत की.” आणि दुसरी गोष्ट म्हणजे अर्जाबरोबर आता एक साधं पत्रक देतो. मजकूर मीच लिहिला आहे. त्यात पहिलीच ओळ आहे : खानावळीसाठी घरचे तांदूळ, नाचणी, ज्वारी आणलेली चालते, भाव बाजाराप्रमाणे धरला जाईल.